चि. मनूस, वर्गाच्या न्यूजलेटरबद्दल

सातारा

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला न्यूजलेटरचा वर्षभराचा आराखडा नीट वाचला. कल्पना मला मनापासून आवडली. कोथरूडमध्ये योगवर्गांना तोटा नाही, पण वर्ग सुटल्यावरही माणसाची आठवण ठेवून त्याला उपयोगाचं काही लिहून पाठवणारे फार थोडे. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेलं संध्याकाळपर्यंत शुभ सकाळच्या फुलांखाली गाडलं जातं. मेल महिन्याने शोधला तरी सापडतो, छापून फ्रिजवर लावता येतो, परदेशातल्या लेकीला पुढे पाठवता येतो. तेव्हा जरूर कर. काही बदल मात्र पहिला अंक जाण्याआधी व्हायलाच हवेत.

सगळ्यांत आधी मार्चचा मथळा खोड: ‘मधुमेहाला करा कायमचा रामराम’. आणि दिवाळीच्या अंकातली ‘आमच्या अभ्यंग तेलाने संधिवात मुळापासून बरा’ ही ओळसुद्धा. तू हे फसवायला लिहिलेलं नाहीस हे मला माहीत आहे. आजूबाजूला सगळे तसंच लिहितात म्हणून हातून लिहिलं जातं. पण मी मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून काय पाहिलंय ते तुला सांगतो. रक्तदाबाची गोळी दर महिन्याला न चुकता नेणारे एक गृहस्थ होते. अचानक यायचे थांबले. रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, आता गरज नाही, कसल्याशा रसाचं पत्रक वाचलंय, गोळ्या सुटतात म्हणे. मी सांगून पाहिलं, ते हसले. पुढे काही महिन्यांनी त्यांची पत्नी दुकानात आली. हातातल्या चिठ्ठीवर तीच जुनी गोळी होती, शिवाय रक्त पातळ करण्याची गोळी, आणि खाली फिजिओथेरपी लिहिलेली. चिठ्ठी वाचूनच मला कळलं, त्यांना पक्षाघात झालाय. पत्रक छापणाऱ्याला ते कधीच कळलं नसेल.

हा नुसता माझा आग्रह नाही, कायदाही आहे. औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४. त्याच्या परिशिष्टात ५४ आजारांची नावं आहेत. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, मोतीबिंदू, संधिवात, सगळे त्यात येतात. हे आजार बरे करतो अशी कोणत्याही औषधाची जाहिरात करता येत नाही. तिळाचं तेल तू तेल म्हणून विकतेस तोवर ते तेल. ‘संधिवातावर’ म्हणालीस की कायद्याच्या लेखी ते औषध झालं. आसनं म्हणजे काही बाटलीतलं औषध नव्हे, तरी शब्द तितक्याच जबाबदारीने वापर. ‘चालू औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका’ हे वाक्य प्रत्येक अंकात असू दे, आणि तळाशी बारीक अक्षरात नको, मजकुरातच. जिथे एखादी क्रिया सांगशील तिथे ती कोणी करू नये तेही लागलीच सांग. कपालभाती लिहिलंस तर गर्भवती, हर्निया असलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले यांचा उल्लेख त्याच परिच्छेदात हवा. शीर्षासन असेल तर काचबिंदूचा. तू वर्गात हे तोंडाने सांगतेसच. मेल वाचणाऱ्यासमोर तू नसतेस.

लोणावळ्याचं उदाहरण डोळ्यांपुढे ठेव. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही काढलं. उड्डियान आणि नौली या पोटाच्या क्रिया करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिलं, दाब मोजला आणि मग छापलं. शंभर वर्षांपूर्वी हाताशी इतकी कमी साधनं असताना त्यांनी आधी तपासलं आणि मग लिहिलं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

आता अंकांबद्दल. दर शुक्रवारी एक अंक हे तुला झेपणार नाही. सकाळी सहाची बॅच, संध्याकाळच्या दोन, मध्ये मालिशच्या अपॉइंटमेंट. तिसऱ्या आठवड्यापासून तू नेटवरचं उचलून टाकायला लागशील. महिन्याला एकच काढ, पण तो तुझाच असू दे. आणि इंग्रजी महिन्यांवर ‘वेलनेस थीम’ बसवण्यापेक्षा आपला ऋतू धर. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने ऋतुचर्येचा, म्हणजे कोणत्या ऋतूत कसं राहावं याचा, आख्खा अध्याय लिहून ठेवलाय: पावसाळ्यात वात, शरदात पित्त, वसंतात कफ. तुझ्या वर्गातल्या काकू-काका त्याच भाषेत स्वतःची तब्येत सांगतात.

जूनमध्ये योग दिनाला सगळेच मेल पाठवतील. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ च्या डिसेंबरात २१ जून ठरवला, २०१५ पासून दरवर्षी त्या दिवशी शुभेच्छांचा पूर येतो. तू त्या दिवशी गप्प राहा आणि चार-पाच दिवसांनी लिही, त्या दिवशी उत्साहात पहिल्यांदा सूर्यनमस्कार घालून मांड्या धरलेल्यांसाठी. त्याच सुमारास पालख्या पुण्यात येतात. कितीतरी जण आळंदीहून पुण्यापर्यंत किंवा दिवे घाट चढेपर्यंत चालतात, एरवी दिवसभर खुर्चीत बसणारे. त्यांच्या पिंढऱ्या, त्यांचे तळवे, रात्री तेल कसं चोळायचं, हे तुझ्याइतकं नेमकं कोण सांगेल? नवरात्राच्या अंकात उपवास घे. उपवास धरायचा आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र नेहमीसारखं घ्यायचं, मग घाम, थरथर, चक्कर. अशा माणसांना मी दुकानात बाकावर बसवून साखर चारलेली आहे. उपवासाआधी डोस डॉक्टरांना विचारून घ्या, एवढं एक वाक्य त्या अंकात आलं तरी खूप झालं.

अंक लांब नको. पावसाळ्याचा तुझा नमुना ‘जुलै न्यूजलेटर: अंक २, विशेष सवलत’ असा सुरू होतो. हा मेल मी तरी उघडणार नाही. त्याऐवजी विषयाच्या ओळीत लिही: ‘पावसात गुडघे आखडतात? खुर्चीत बसून हे करा’. मोबाईलवर ओळ मध्येच तुटते, म्हणून कामाचा शब्द सुरुवातीला. आणि आत थेट: ‘खुर्चीत ताठ बसा. उजवा पाय गुडघ्यातून सरळ करा. पावलाची बोटं स्वतःकडे ओढा, मांडी घट्ट झालेली जाणवेल. पाच अंक मोजा, सावकाश खाली ठेवा. मग डावा. गुडघ्याला सूज असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.’ एक व्यायाम, एक स्वच्छ फोटो, पुरे. बॅचच्या वेळा आणि तेल-उटण्याचे भाव शेवटी दोन ओळींत. ज्याला हवंय तो तिथवर जातो.

पत्त्यांच्या यादीबद्दल मला काळजी वाटते. सोसायटीच्या सेक्रेटरींनी दिलेली सभासदांची यादी वापरू नकोस. त्या लोकांनी आपला पत्ता मेंटेनन्सच्या बिलासाठी दिलाय, तुझ्यासाठी नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही हेच म्हणतो की कशासाठी ते स्पष्ट सांगून संमती घ्या, आणि ती काढून घेणं देण्याइतकंच सोपं ठेवा. तुझ्या प्रवेश अर्जावर एक वेगळी चौकट छाप, ‘महिन्यातून एक मेल चालेल’ अशी. खूण करणं त्यांच्या मर्जीवर. त्याच अर्जावर लोक आपले आजारही लिहितात. ती माहिती वर्ग घेण्यापुरती. ‘तुमच्या स्लिप डिस्कसाठी खास’ असा मेल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडला आणि शेजारच्याने वाचला, तर तो माणूस पुन्हा तुला खरं सांगणार नाही. सगळ्यांचे पत्ते एका सीसीत टाकून, म्हणजे प्रत्येकाला सगळ्यांचे पत्ते दिसतील असं, पाठवणं तर कधीच नको.

तांत्रिक बाजू तुला माझ्याहून जास्त कळते, तरी एकच सांगतो. न्यूजलेटरच्या सेवेतून पाठवताना जीमेलचा पत्ता वापरू नकोस. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून नियम कडक केलेत, तसे मेल स्पॅममध्ये जातात. स्वतःचं डोमेन घे, एसपीएफ आणि डीकेआयएम, म्हणजे मेल खरंच तुझ्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या खुणा, लावून घे. किती जणांनी उघडला या आकड्यावर फार जाऊ नकोस. अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप २०२१ पासून माणसाने मेल पाहिला नाही तरी उघडल्यासारखं दाखवू शकतं. उत्तरं किती आली ते बघ, आणि प्रत्येक उत्तराला स्वतः उत्तर दे.

पहिला अंक आधी आम्हा दोघांना पाठव. आईच्या फोनवर अक्षर मोठं केलेलं आहे; त्यावर ओळी कशा दिसतात, फोटो उघडतो का, नाव काढून टाकायची लिंक सापडते का, ते बघून त्याच दिवशी कळवतो. गुडघ्याचा व्यायाम ती करून बघायला तयार आहे.

तुझा,
बाबा