दवाखान्याचे नियम कागदावर हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोड, शरणपूर रोडवर एकेका इमारतीत चार-चार डॉक्टरांच्या पाट्या दिसतात. पेठ, सुरगाण्याहून एसटीने आलेले पेशंटही इथेच येतात. पण यातल्या कितीतरी दवाखान्यांचा कारभार तोंडी चालतो. काउंटरवरची जुनी मुलगी नव्या मुलीला जाता जाता जे सांगेल, तेवढंच तिचं शिक्षण.

मी परिचारिका म्हणून निवृत्त झाले. एका खासगी दवाखान्यात घडलेला प्रकार मला विसरता येत नाही. एका पेशंटच्या रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढल्याचं लॅबने तातडीने फोन करून कळवलं. काउंटरवरच्या मुलीने ते चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. डॉक्टर बाहेर होते. पेशंटला कोणी कळवायचं, हे कधी ठरलंच नव्हतं. पेशंट सुदैवाने वाचला. बोलणी मात्र त्या मुलीने खाल्ली. तिचं काय चुकलं, हे मला आजही कळत नाही.

सुईचंही तसंच. कचरा उचलताना मावशींच्या बोटात वापरलेली सुई घुसली तर जागा साबण-पाण्याने धुवायची, बोट पिळायचं नाही आणि लगेच डॉक्टरांना सांगायचं. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं लागतं, फार तर ७२ तासांत, आणि ते २८ दिवस घ्यावं लागतं. मावशी घाबरून गप्प बसतात, त्यात हा वेळ निघून जातो. सुया टाकायच्या पांढऱ्या डब्याच्या वरच भिंतीवर या चार ओळी आणि कोणाला फोन करायचा तो नंबर मराठीत लावायला कितीसा खर्च येतो? वीज गेल्यावर लसींच्या फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांत आहे का, हे कोण बघणार, तेही तिथेच लिहिता येईल.

शुश्रूषागृहांच्या, म्हणजे खाटा असलेल्या नर्सिंग होमच्या, नोंदणीचे नियम राज्याने २०२१ मध्ये सुधारले. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक केलं. खाटा नसलेले दवाखाने त्या नोंदणीत येत नाहीत. पण पेशंटने कागदपत्रं मागितली तर ७२ तासांत द्यावीत, हा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम सगळ्याच ॲलोपॅथी डॉक्टरांना आहे. काउंटरवर मात्र अजूनही ‘सर आल्यावर बघू’ एवढंच उत्तर मिळतं, आणि सुरगाण्याच्या माणसाचा दिवस वाया जातो.

काही ठिकाणी जाडजूड इंग्रजी फाइल असते, पण ती तपासणीपुरती कपाटातून बाहेर निघते. मी त्या फाइलबद्दल बोलत नाही. काम करणाऱ्यांना वाचता येईल अशी, प्रत्येक पानावर तारीख असलेली, कोणतं काम कोणाचं हे स्पष्ट सांगणारी साधी वही हवी.

आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या नाशिक शाखेने आणि म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मिळून अशा वहीचा मराठी नमुना तयार करावा. तो ठरवताना डॉक्टरांबरोबर काउंटरवरच्या मुली, कंपाउंडर आणि मावशी यांनाही बोलवावं, आणि त्या दिवसाचा त्यांचा पगार कापू नये, एवढी विनंती.

— एक निवृत्त परिचारिका, नाशिकरोड