किंग जेम्स बायबल पहिले नव्हे

रविवार पुरवणीतील लेखात १६११च्या किंग जेम्स बायबलला ‘पहिले इंग्रजी भाषांतर’ म्हटले आहे, ते बरोबर नाही. जॉन विक्लिफ यांच्या प्रेरणेने लॅटिनवरून झालेले हस्तलिखित भाषांतर चौदाव्या शतकाच्या अखेरचे. विल्यम टिंडेल यांनी थेट ग्रीकवरून केलेला नवा करार (बायबलचा दुसरा भाग) १५२६ मध्ये जर्मनीतील वर्म्स येथे छापला गेला आणि कापडाच्या गठ्ठ्यांत दडवून इंग्लंडात पोहोचला. मायल्स कव्हरडेल यांचे संपूर्ण छापील बायबल १५३५चे. राजा जेम्सच्या सुमारे ४७ विद्वानांना तर पहिलाच नियम घालून दिला होता: १५६८च्या ‘बिशप्स बायबल’ या आधीच्या इंग्रजी भाषांतरात शक्य तितके कमी फेरफार करा. त्यांच्या नव्या करारातील कितीतरी वाक्ये टिंडेल यांचीच आहेत. १५३६ मध्ये गळा आवळून जाळलेल्या या माणसाचे लेखात नावही नाही, हे खटकले.

– एक वाचक, वसई