ग्रँट तीन वर्षांची, मूल मात्र वाढतं अठरा वर्षं

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात लहान मुलांच्या आरोग्यासाठी एका ट्रस्टने मोठी देणगी जाहीर केल्याची बातमी वाचली, फोटोत नेहमीप्रमाणे दरवाजाएवढा चेक. बातमी चांगलीच आहे हो, देणाऱ्याला नावं ठेवायची नाहीयेत मला. पण दोनदा वाचूनही हे पैसे किती वर्षांसाठी आहेत ते कळलं नाही, आणि त्याने मुलांना काही फरक पडला की नाही हे कोण बघणार ते तर नाहीच नाही.

मी स्वतः काही वर्षं अशाच एका ग्रँटवर चाललेल्या अभ्यासात फिल्डवर्कर होते. काम म्हणजे घरोघरी जाऊन बाळांचं वजन, लांबी, दंडघेर मोजायचा आणि आईशी बोलून फॉर्म भरायचा. ऐकायला सोपं वाटतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला झोपवून मोजतात आणि नंतर उभं करून, आणि एकच मूल दोन्ही प्रकारे मोजलं तर झोपवून साधारण ०.७ सेंटीमीटर जास्त भरतं. आता बाळ रडतंय, आपण दमलोय, म्हणून दीड वर्षाच्या पोराला उभंच मोजलं आणि तसंच लिहून टाकलं तर कागदावर ते उगाचच खुजं ठरतं. म्हणून दोघींनी वेगवेगळं मोजायचं, फरक जास्त आला तर परत मोजायचं, काटा रोज तपासायचा, आणि घर बंद असेल तर पुन्हा यायचं. ह्या पुन्हा येण्याचा खर्च कुठल्याही प्रपोजलमधे कुणाला आवडत नाही. त्याला ओव्हरहेड, म्हणजे वरखर्च, म्हणतात आणि पहिली कात्री तिथेच लागते.

आमची ग्रँट तीन वर्षांची होती. पहिले सात-आठ महिने परवानग्या, भरती आणि ट्रेनिंगमधे गेले, शेवटचे चार महिने रिपोर्ट आणि हिशोबात, मधे जे उरलं तो अभ्यास. मग ट्रस्टकडून पत्र आलं की आमचे प्राधान्याचे विषय बदललेत. अभ्यासाचा मूळ प्रश्न होता की बाळपणी दिलेल्या मदतीचा फायदा पुढे शाळेत दिसतो का, आणि अभ्यास बंद पडला तेव्हा सगळ्यात मोठं पोर चार वर्षांचंही नव्हतं!

आता कुणी म्हणेल इतकी वर्षं थांबून मिळतं काय. जमैकातलं उदाहरण सांगते. तिथे १९८६-८७ मधे वाढ खुंटलेली १२९ बाळं घेतली, वय ९ ते २४ महिने. काहींना पूरक आहार, काहींच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर एक आरोग्य सेविका यायची, आईला बाळाशी खेळायला-बोलायला शिकवायची, खेळणी घरच्या घरी बनवलेली, काहींना दोन्ही आणि काहींना काहीच नाही. दोन वर्षं हे चाललं. वीस वर्षांनी संशोधकांनी त्यातली १०५ जण शोधून काढली, तेव्हा ज्यांच्या घरी ती खेळाची भेट व्हायची त्यांची कमाई, तशी भेट न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त निघाली. आणि नुसत्या पूरक आहाराचा असा फायदा वीस वर्षांनी दिसला नाही. हे तिसऱ्या वर्षी रिपोर्ट लिहून मोकळं झालं असतं तर कुणाला कळलं असतं का? (आहार देऊ नये असं मी म्हणत नाहीये, नाहीतर उद्या माझ्यावरच पत्रं येतील.)

दुसरी गोष्ट म्हणजे देणगीतून दिसणारं काहीतरी हवं असतं. इमारत, मशीन, पाटी. अमेरिकेत १९३८ साली पोलिओसाठी एक फाउंडेशन निघालं, रेडिओवरून आवाहन झालं की दहा-दहा सेंटची नाणी थेट व्हाइट हाउसला पाठवा, आणि टपालातून इतकी नाणी आली की २ लाख ६८ हजार डॉलर जमले. ही गोष्ट सगळे सांगतात, त्यातून साल्क यांची लस आली हेही सांगतात. मधलं कुणी सांगत नाही. लस बनवायच्या आधी पोलिओच्या विषाणूचे नक्की प्रकार किती हेच पक्कं माहीत नव्हतं, आणि ते ठरवायला ह्याच फाउंडेशनने १९४८ पासून तीनेक वर्षं दहा लाख डॉलरच्या वर खर्च केले. काम इतकं कंटाळवाणं की नावाजलेले शास्त्रज्ञ त्याच्यात पडायला फारसे उत्सुक नव्हते, साल्क तेव्हा तरुण होते, त्यांनी घेतलं. उत्तर काय तर प्रकार तीन. बस्स. पण हे माहीत नसतं तर लसीत एखादा प्रकार राहून गेला असता आणि टोचलेल्या मुलांनाही पोलिओ झाला असता. १९५४ मधे १८ लाखांच्या आसपास मुलांवर चाचणी झाली आणि १२ एप्रिल १९५५ ला लस सुरक्षित आणि परिणामकारक असल्याचं जाहीर झालं. म्हणजे पहिल्या नाण्यापासून मोजलं तर सतरा वर्षं. आज एखाद्या ट्रस्टला सांगून बघा की सतरा वर्षं लागतील आणि त्यातली तीन नुसतं मोजण्यात जातील, मीटिंग तिथेच संपते.

ट्रस्टवाल्यांची बाजूही मला कळते. पैसा दुसऱ्याचा, दरवर्षी हिशोब द्यायचा, आणि एका विषयात वीस वर्षं अडकलं तर बाकीच्यांना काय देणार. मान्य. पण मग दहा छोट्या ग्रँट्सऐवजी चारच द्याव्यात आणि त्यातल्या एका तरी अभ्यासाची मुलं मोठी होईपर्यंत फॉलोअपचे पैसे बाजूला काढून ठेवावेत. आणि निकाल उलटा आला, म्हणजे आपल्या योजनेने मुलांना काहीच फरक पडला नाही असं दिसलं, तरी तो छापायची अट आधीच घालावी. आमच्याकडे असा एक निकाल वार्षिक अहवालातून गुपचूप गाळला होता, का ते विचारायची माझी पायरी नव्हती.

तुमच्या वार्ताहरांना एक विनंती आहे. पुढच्या वेळी असा चेकचा फोटो छापताना रकमेच्या शेजारी दोन गोष्टी द्या, पैसे किती वर्षांसाठी आहेत आणि मुलांकडे परत कोण आणि कधी जाणार. उत्तर मिळालं नाही तर तसं छापा.

आमच्या अभ्यासातली ती मुलं आता दहावी-बारावीच्या वयाची असतील. फॉर्मवर मोजणीच्या तिसऱ्या फेरीचा रकाना सगळ्यांचाच कोरा आहे.

आपली,
एक जुनी वाचक