नावं विचारायची राहिली

कॉलेजला मी का गेले, याचं खरं उत्तर फारसं भारदस्त नाही. मैत्रिणी निघाल्या, म्हणून मीही.

श्रवणशास्त्र, म्हणजे ऐकण्याची तपासणी, हा विषय ठरला तो आजीला कान तपासायला नेलं त्या दिवशी. तपासणाऱ्या ताईंनी तिच्या ऐकण्याचा आलेख माझ्यासमोर धरला. डावीकडे, खालच्या पट्टीच्या आवाजांना, रेघ ठीक; २००० हर्ट्झच्या (हे पट्टीचं माप) पुढे, वरच्या पट्टीत, मात्र सरळ घसरगुंडी. "स, श, फ हे आवाज इकडे. वयानुसार आधी हेच जातात. म्हणून आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत." आणि आम्ही मात्र ती मुद्दाम ऐकत नाही म्हणून वर्षभर तिच्यावर खेकसत होतो!

ताई, तुमच्या त्या पाच मिनिटांचे मनापासून आभार. प्रवेशाच्या रांगेत मागे उभे असलेल्या काकांचेही. त्यांनी अर्जावरचा चुकीचा क्रमांक दाखवला नसता, तर आज भलतंच काही शिकत बसले असते. शिवाय न मागता स्वतःच्या वह्या पुढे करणाऱ्या त्या सीनियरचे (अक्षर भयंकर होतं, पण असो).

काल मी पहिल्यांदाच एका आजोबांचा आलेख समजावून सांगितला. त्यांच्या सुनेचा चेहरा पडला, मग तिने हळूच त्यांचा हात धरला. ताई, तुमचीच आठवण झाली.