ममीच्या डोक्यावरचे वाडगे

महोदय,

ममीच्या स्कॅनच्या बातम्यांत यंत्राने आपोआप सगळे दाखवले, असा सूर असतो. तसे होत नाही. प्राचीन इजिप्तमधल्या कर्नाकच्या मंदिराचा पुजारी नेस्पेरेन्नुब (सुमारे इ.स.पू. 800) याची ममी 2012-13 मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली होती, तिचेच उदाहरण घ्या. 1960च्या दशकातल्या साध्या एक्स-रेमध्ये डोक्यावर एक गूढ सावली दिसली. सपाट चित्रात सगळे एकावर एक येते, त्यामुळे उलगडा होईना. सीटी स्कॅनच्या दीड हजारांहून अधिक छेदांतून (शरीराच्या पातळ कापांसारख्या चित्रांतून) ते निघाले मातीचे ओबडधोबड वाडगे! ममी करताना वापरलेली, ओघळणारी राळ झेलायला ठेवले असावे. राळ सुकली आणि ते कवटीला चिकटून बसले. पट्ट्या गुंडाळून चूक झाकणारे कारागीर तेव्हाही होते.

खरी मेहनत स्कॅननंतर. चित्रात हाड सहज वेगळे ओळखता येते. पण वाळलेली कातडी आणि राळेत भिजलेले कापड यांची घनता जवळपास सारखी, म्हणून संगणक गल्लत करतो. मग सीमारेषा छेदागणिक हाताने आखाव्या लागतात. कातडी, स्नायू वगैरे घनतेवरून ओळखण्याचे जिवंत रुग्णांसाठीचे तयार आकडे इथे चालत नाहीत, कारण शरीरात पाणीच उरलेले नसते. धातूच्या ताइताभोवती चित्रात पांढरे पट्टे उमटतात, ते वेगळेच.

– एक रेडिऑलॉजी तंत्रज्ञ, पुणे