बोटीवर चढण्याआधी

पुणे, 6 नोव्हेंबर 2022

ती. आई आणि बाबांना,
सा. न.

काकांनी तुमचं क्रूझचं बुकिंग झाल्याचं सांगितलं. 12 डिसेंबरला मुंबईहून निघून गोवा आणि लक्षद्वीप करून परत मुंबई. पत्र पाहून वाटेल की जाऊ नका म्हणून लिहिते आहे. तसं नाही. जरूर जा. डिसेंबरात अरबी समुद्र बहुतेक शांत असतो, आणि बाबांना लक्षद्वीप बघायचंच आहे.

फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. महाराष्ट्रात कोविडमुळे आलेली मास्कची सक्ती गुढीपाडव्याला उठली, आता कोणी तुम्हाला अडवणार नाही, विचारणार नाही. पण नियम उठले म्हणून बोट बदललेली नाही. तेच बंद कॉरिडॉर, त्याच लिफ्ट, एका हॉलमध्ये शेकडो लोकांचं जेवण, आणि किनाऱ्यापासून दूर असताना दवाखाना एवढासा. म्हणजे नियम आता आपले आपणच करायचे.

2020 च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात अडकलेली डायमंड प्रिन्सेस तुम्ही टीव्हीवर पाहिली होती. हाँगकाँगला उतरून गेलेला एक प्रवासी नंतर पॉझिटिव्ह निघाला, आणि तोवर बोटीवर सगळं नेहमीसारखं चालू होतं: नाचगाणी, बुफे, सगळं. बोटीवरच्या 3,711 जणांपैकी 712 जणांना लागण झाली. त्यांतल्या निम्म्याच्या आसपास लोकांना चाचणी झाली तेव्हा काहीही होत नव्हतं, ना ताप ना खोकला. पुढे प्रवाशांना खोलीत बसवलं, पण त्यांचं जेवण बनवणारे आणि दारापर्यंत पोचवणारे कर्मचारी दाटीवाटीच्या खोल्यांत झोपत होते, एकाच मेसमध्ये जेवत होते. त्यात आपले 132 भारतीय होते. आणि जपान कशाला, याच वर्षी जानेवारीत मुंबईहून गोव्याला गेलेल्या क्रूझवर एक कर्मचारी पॉझिटिव्ह निघाला म्हणून जवळपास दोन हजार जणांची तपासणी केली, तर 66 जण सापडले आणि बोट मुंबईला परत आणावी लागली. समोरचा ठणठणीत दिसतो म्हणून मास्क काढायचा, हा हिशोब बोटीवर चालत नाही तो यामुळे.

आता कामाचं. आईचा कोविड लशीचा प्रिकॉशन, म्हणजे तिसरा, डोस राहिला आहे. दुसऱ्या डोसनंतरचं अंतर जुलैपासून सहा महिन्यांवर आणलंय, आणि साठीच्या पुढच्यांना सरकारी केंद्रात तो मोफत आहे. 25 तारखेच्या आत घेऊन टाक. लशीचा पूर्ण उपयोग व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि दुसऱ्या दिवशी अंग दुखलं तर ते घरी दुखावं, बोटीवर नाही. फ्लूची लस दोघांनीही घ्यायची आहे, ती दरवर्षी घ्यावी लागते. न्युमोनियाच्या लशीचं आपल्या डॉक्टरांना विचारा, मधुमेह असताना ती बहुतेक सांगतातच.

घरच्या चाचणीची चार किट आणून ठेवा. मायलॅब या पुण्याच्याच कंपनीचं कोव्हिसेल्फ औषधाच्या कोणत्याही बऱ्या दुकानात मिळेल. एक चाचणी निघण्याच्या दोन दिवस आधी, एक निघायच्या सकाळी, दोन किट सोबत. करताना हात धुवा, काडी नाकात दोन ते चार सेंटिमीटर आत, म्हणजे थोडा अडथळा लागेपर्यंत, आणि प्रत्येक नाकपुडीत पाच वेळा नीट फिरवा. बहुतेक लोक नुसती टोकाला लावून काढतात आणि मग निगेटिव्ह म्हणून खूश होतात. नळीत काडी घोळवायची, दोन थेंब पट्टीवर, पंधरा मिनिटांनी वाचायचं. वीस मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरायची नाही. किट तीस अंशांच्या वर तापू द्यायचं नाही, त्यामुळे गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. आणि बाबा, घसा दुखायला लागल्याच्या पहिल्याच दिवशी चाचणी निगेटिव्ह आली तर तिचा अर्थ फारसा काही नसतो. 48 तासांनी पुन्हा करायची, तोवर मास्क.

मास्कबद्दल तुमची कुरकूर मला ठाऊक आहे, म्हणून सगळीकडे घाला असं म्हणतच नाही. उघड्या डेकवर वाऱ्यात बसला असाल तर खुशाल काढा. चार ठिकाणी मात्र काढायचा नाही: बंदरावर चेक-इनच्या रांगेत, लिफ्टमध्ये, नाटकाच्या हॉलमध्ये आणि गोव्यात फिरवणाऱ्या बसमध्ये. यांतलं सर्वांत वाईट ठिकाण पहिलंच. सगळे एकाच वेळी बॅगा घेऊन येतात, तास-दीड तास खेटून उभं राहावं लागतं. चेक-इनची वेळ निवडता येत असेल तर सर्वांत आधीची घ्या. मास्क एन-95 हवा, झडप नसलेला, आणि कानांऐवजी डोक्यामागून दोन पट्टे जाणारा मिळाला तर उत्तम, तो घट्ट बसतो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, एका हाताने चिमटा काढला तर मध्ये फट राहते. चष्म्यावर वाफ आली की समजा, हवा वरून निसटते आहे. धुवायचा नाही. माणशी चार-पाच घ्या, आळीपाळीने कागदी पिशवीत ठेवून वापरा, घामाने ओला झाला की टाकून द्या.

कोविडची एवढी चर्चा झाली की बोटीवरचा जुना पाहुणा लोक विसरले. नोरोव्हायरस, म्हणजे उलट्या-जुलाब. लागण झाल्यापासून बारा ते अठ्ठेचाळीस तासांत सुरू होतो, एक ते तीन दिवस पिळून काढतो. सॅनिटायझरने तो नीट मरत नाही. बुफेच्या दाराशी सॅनिटायझरची बाटली असते, लोक दोन थेंब चोळून आत शिरतात. साबण आणि पाणी, वीस सेकंद, नखांसकट. आणि वेळ महत्त्वाची आहे: हॉलमध्ये शिरताना हात धुतले, मग शंभर जणांनी धरलेले डाव धरून वाढून घेतलं, आणि त्याच हाताने पोळी तोडली, तर धुण्याचा काय उपयोग? ताट टेबलावर ठेवायचं, काकांना लक्ष ठेवायला सांगायचं, हात धुवून यायचं आणि मग जेवायचं. जिथे कर्मचारी वाढतो तो काउंटर मिळाला तर स्वतः वाढून घेण्यापेक्षा तो बरा. बुफे उघडतो त्याच वेळी जा, तेव्हा गर्दीही कमी आणि अन्नही गरम. कापून ठेवलेली फळं आणि बर्फ मी तरी टाळीन.

ओआरएसची दहा पाकिटं घ्या, एक लिटरवाली, आणि सोबत लिटरची बाटली. या बाबतीत घरोघरी एकच घोळ होतो: लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात ओततात, चव बरी लागते म्हणून. मग क्षारांचं प्रमाण इतकं वाढतं की जुलाब थांबायच्या ऐवजी वाढतात. अर्धं पाकीट अंदाजाने टाकणंही नको. अख्खं पाकीट, अख्खा लिटर, घोट घोट, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. आई, साखर आहे म्हणून ओआरएस नाकारू नकोस, लिटरमध्ये तेरा-साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं आणि जुलाबात ते लागतंच. फळांच्या चवीची तयार खोकी मात्र नकोत, नाव सारखं असलं तरी त्यात साखर भरमसाट असते. पाकिटावर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेलं बघून घे.

आता या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि तो कोविडचा नाहीच. बाबा, तुमच्या बीपीच्या गोळीत लघवीची गोळी मिसळलेली आहे. आई, तुझी मेटफॉर्मिन चालू आहे. दोन्ही एरवी चांगली औषधं, पण उलट्या-जुलाब होऊन अंगातलं पाणी गेलं असताना तशीच घेत राहिली तर पहिली मूत्रपिंडावर आणि बीपीवर येते, दुसरी रक्तात आम्ल वाढवू शकते. आजारी पडल्यावर कोणती गोळी थांबवायची, कधी थांबवायची आणि कधी परत सुरू करायची, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. तोंडी नको, बोटीवर फोन लागेलच असं नाही. इन्शुलिन मात्र स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही, जेवण जात नसेल तर किती युनिट घ्यायचं तेही त्याच कागदावर हवं.

इन्शुलिनचं चालू पेन तीस अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतं, त्यामुळे एसी खोलीत ते बाहेर राहिलं तरी चालेल. राखीव पेन थंड हवं. खोलीतला मिनीबार नुसता गार असतो, त्याच्यावर विसंबू नका, आणि बर्फाला टेकवूनही ठेवू नका. गोठलेलं इन्शुलिन वितळलं तरी टाकायचंच. सगळी औषधं सात दिवसांची जास्त, दोघांच्या हातातल्या पिशव्यांत निम्मी निम्मी. मोठ्या बॅगा बंदरावर काढून घेतात आणि खोलीत संध्याकाळपर्यंत पोचतात. पावतीवर किंवा चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, नुसत्या ब्रँडच्या नावावरून दुसऱ्या गावचा डॉक्टर अडतो.

तापासाठी पॅरासिटामॉल 650, दोन गोळ्यांमध्ये सहा तास. सर्दीच्या मिश्र गोळ्या घेऊ नका, त्यात पॅरासिटामॉल असतंच, वर बीपी वाढवणारं औषधही असतं. अंगदुखीला आयबुप्रोफेन नको, बीपीच्या गोळीबरोबर ते मूत्रपिंडाला जड जातं. बोट लागते म्हणून शेजारचे अॅव्होमिन देतील. बाबांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. प्रोस्टेट असताना लघवी अडू शकते, आणि गुंगीत बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडणं हा बोटीवरचा खरा धोका आहे. तो उंबरा घरच्यापेक्षा उंच असतो. खोली मधल्या भागात आणि खालच्या डेकवर मागून घ्या, तिथे हेलकावा कमी जाणवतो. बाल्कनीची मिळत असेल तर तिचे जास्तीचे पैसे मी देते. दार उघडून स्वतःची हवा घेता येते आणि पॉझिटिव्ह निघून खोलीत बसायची वेळ आली तर वेड लागत नाही. ड्रिंक्सच्या पॅकेजवर घालवण्यापेक्षा ते पैसे इथे लावलेले बरे.

ऑक्सिमीटर घ्या, सेल बदलून. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं, हाताचं बोट गरम हवं. एसीत गार पडलेल्या बोटावर आकडा कमी दिसतो आणि उगाच धावपळ होते. आई, नेलपॉलिश आणि मेंदी असलेलं बोट नको. मिनिटभर थांबून स्थिर झालेला आकडा बघ. पुन्हा मोजूनही 94 च्या खाली असेल, किंवा खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालल्यावर तीन-चारने घसरत असेल, तर बरं वाटतंय असं म्हणत बसू नका, थेट बोटीच्या दवाखान्यात.

त्या दवाखान्यात डॉक्टर, नर्स, ऑक्सिजन, ईसीजी, सलाईन एवढं मिळतं. ऑपरेशन नाही. बिल खोलीच्या खात्यावर चढतं. आपला मेडिक्लेम ते बिल देईल असं गृहीत धरू नका, विमा कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागवा. लक्षद्वीपला तर अधिकच जपा. तिथे मोठी बोट प्रवाळाच्या बाहेर थांबते आणि लहान बोटीने किनाऱ्याला नेतात. बोटीतून बोटीत उतरताना पाण्याच्या लाटेबरोबर दोन्ही वरखाली होतात. दोन्ही हात मोकळे ठेवा, कर्मचाऱ्याच्या मनगटाला धरा, तो म्हणेल तेव्हाच पाऊल टाका. बाबांचा गुडघा त्या दिवशी दुखत असेल तर उतरू नका, डेकवरूनही ते निळं पाणी दिसतं. बेटावर गंभीर काही झालं तर हेलिकॉप्टरने कोचीला न्यावं लागतं, आणि हवा खराब असेल तर तेही थांबतं. म्हणून छातीत दुखणं किंवा धाप लागणं आदल्या दिवशी गोव्यात सुरू झालं तर पुढे जायचंच नाही. मुरगाव बंदरापासून जवळचं सरकारी रुग्णालय चिखलीला आहे, मोठं हवं तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. रुग्णवाहिकेचा नंबर आपल्याकडचाच, 108. मडगावच्या मावशीला मी सांगून ठेवते. तुम्ही दोन दिवसांचे कपडे आणि औषधं एका लहान पिशवीत वेगळी भरा, म्हणजे उतरायचं ठरलं तर सामान शोधत बसावं लागणार नाही.

परत आल्यावर पाच दिवस आजीच्या खोलीत मास्क लावूनच जा. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी उरलेली दोन किट वापरा.

आईच्या दुसऱ्या डोसच्या सर्टिफिकेटचा आणि बाबांच्या सध्याच्या गोळ्यांच्या पट्ट्यांचा, मागच्या बाजूचा, फोटो मला रविवारपर्यंत पाठवा. डॉक्टरांकडे विचारायचे प्रश्न मी त्यावरून लिहून देते. त्यांची वेळ 21 तारखेच्या आठवड्यात घ्या, त्याआधी ते गावी आहेत.

तुमची,
मीनल