बाबांच्या झडपेचा सीटी स्कॅन
तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

"छातीवरून इको (ध्वनिलहरींनी हृदयाची तपासणी) झाला, अन्ननलिकेत नळी घालूनही झाला, मग आता सीटी स्कॅन कशाला?" हा आईचा प्रश्न रास्त आहे. फोनवर मला धड उत्तर देता आले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

बाबा, शस्त्रक्रियेनंतर तुम्ही घरी आलात त्या रात्री मी उशाशी घड्याळ शोधत होतो. ती टिकटिक तुमच्या महाधमनीच्या कृत्रिम झडपेची, म्हणजे तिच्या कार्बनच्या दोन अर्धगोल पाकळ्या मिटण्याची होती. इकोमध्ये आता एवढेच दिसले आहे की झडपेतून रक्त पूर्वीपेक्षा वेगाने जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतला फरक वाढला आहे. हे का झाले, ते मात्र इको सांगू शकत नाही, कारण ध्वनिलहरी कार्बन आणि धातूवर अडतात व झडपेच्या मागे काळी सावली पडते. अडथळा नेमका त्या सावलीत दडलेला असू शकतो.

सीटी स्कॅनमध्ये ही अडचण बरीच कमी होते. ईसीजीशी मेळ घालून हृदयाच्या एका पूर्ण ठोक्याच्या निरनिराळ्या क्षणांच्या प्रतिमा घेतल्या, की दोन्ही पाकळ्या किती अंशांत उघडतात आणि पूर्ण मिटतात का, हे हलत्या चित्रात मोजता येते. एखादी पाकळी अडकत असेल, तर तिच्या मुळाशी काय आहे हेही दिसते. ती रक्ताची गुठळी असेल किंवा पॅनस, म्हणजे झडपेच्या कड्यावर हळूहळू वाढत गेलेली तंतुमय ऊती. ढोबळमानाने घनता 90 हाउन्सफिल्ड एककांच्या (सीटीत घनता मोजायचे एकक) खाली असेल तर गुठळीचा संशय बळावतो, 145 च्या वर असेल तर पॅनसचा. मधल्या आकड्यांवर मात्र निर्णय अवघड असतो. खरी मेख इथे आहे. गुठळी औषधाने विरघळण्याची शक्यता असते, पॅनस कोणत्याही गोळीने जात नाही आणि तो पाकळी अडवत असेल तर पुन्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. पाकळ्या मोकळ्या हलताना दिसल्या, तर झडपच मुळात शरीराच्या मानाने लहान पडते का, हे पाहावे लागेल. उपचार इतके भिन्न असताना अंदाजावर चालणे मला पटत नाही.

आईची दुसरी काळजी मूत्रपिंडांची. शिरेतून आयोडीनयुक्त द्रव देतात, म्हणून आधी रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक, तपासतील. तो द्रव जाताना अंगभर ऊब जाणवते, काही सेकंद श्वास रोखावा लागतो, एवढेच. किरणोत्सर्ग असतोच, पण तुमच्या वयात आणि या संशयापुढे मला तो गौण वाटतो. वॉरफरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी, मात्र स्वतःहून बंद करू नका. हृदयापर्यंत नळी घालायची नसल्याने या तपासणीसाठी ते सहसा थांबवत नाहीत.

आता जरा अवघड गोष्ट. आयएनआरच्या, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीच्या, वहीत एके ठिकाणी 1.6 हा कमी आकडा दिसला आणि पुढची दोन पाने कोरी आहेत. बाबा, मी दोष देत नाही, पण त्या दिवसांत गोळ्या चुकल्या असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, कारण त्यावर गुठळीची शक्यता ठरते. आई, ती वही आणि झडपेचे कार्ड आठवणीने पिशवीत ठेव. कार्डावर झडपेचा प्रकार आणि मापही आहे. मी आदल्या संध्याकाळी पोहोचतो.

तुमचा,
बाळ